जगाला सुरुवात होती का? : कलामच्या एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

कुराणाच्या सहाव्या सुऱ्यात, म्हणजे अध्यायात, प्रेषित इब्राहिम यांची गोष्ट आहे. रात्री त्यांना एक तारा दिसतो. हाच माझा रब, म्हणजे पालनकर्ता, असं ते म्हणतात. तारा मावळतो आणि ते म्हणतात, ‘मावळणारे मला आवडत नाहीत.’ मग चंद्र उगवतो, तोही मावळतो. मग सूर्य. अखेर जे मावळतं त्या सगळ्याकडे पाठ फिरवून, ज्यानं आकाश आणि पृथ्वी निर्माण केली त्याच्याकडे ते तोंड वळवतात.

भाविक मनाला एवढं पुरेसं आहे. पण जे बदलतं ते स्वयंभू नसतं हा विचार तर्काच्या साच्यात बसवायचा म्हटलं, की अडचणी सुरू होतात. त्या सोडवण्यात मुस्लिम विचारवंतांच्या कित्येक पिढ्या गुंतल्या. हा वाद म्हणजे श्रद्धावान विरुद्ध नास्तिक असा सामना होता, असं आपण सहज धरून चालतो. सुरुवातीला तसे विरोधक होतेही. काळ हाच सर्वस्व आणि जग असंच चालत आलंय, असं मानणाऱ्यांना ‘दहरिया’ म्हणत. पण या वादाला खरी धार आली ती ईश्वर मानणाऱ्यांच्या आपसातल्या भांडणातून. ईश्वर आहे यावर त्यांचं एकमत होतं. तो कसा आहे, यावर नव्हतं.

‘कलाम’ म्हणजे बोलणं. श्रद्धेची तर्कानं मांडणी करणाऱ्या इस्लामी विद्येचं हे नाव. श्रद्धेच्या बाजूनं तर्कानं बोलणारे ते मुतकल्लिम. आठव्या-नवव्या शतकात बसरा आणि बगदादमध्ये मुअतझिला पंथीयांनी या विद्येचा पाया घातला. त्यांच्यातल्या अबुल हुझैल यांनी जग अविभाज्य कणांचं बनलेलं आहे, अशी मांडणी केली. कणाला गती असते किंवा स्थिरता, तो दुसऱ्याशी जोडलेला असतो किंवा सुटा. हे गुण येतात आणि जातात. कण मात्र अशा कुठल्या ना कुठल्या गुणाशिवाय कधीच सापडत नाही. म्हणून नव्यानं घडणाऱ्या गोष्टींशिवाय जे राहू शकत नाही, ते स्वतःही नव्यानं घडलेलंच असणार. कण घडलेले, म्हणून जग घडलेलं, म्हणून घडवणारा आहे.

मराठी वाचकाला इथे न्याय-वैशेषिकांची आठवण होईल. घट दिसला की कुंभार आलाच, तसं जग हे कार्य असल्यानं त्याला कर्ता हवा, असं उदयनाचार्यही सांगतात. पण वैशेषिकांचे परमाणू नित्य आहेत. त्यांचा ईश्वर असलेल्या मातीतून घडवतो. मुतकल्लिमांना हे मान्य होणं शक्यच नव्हतं. त्यांच्या ईश्वराला मातीही निर्माण करायची होती.

मुतकल्लिमांच्या युक्तिवादात एक भोक होतं. प्रत्येक गुण नवा असेल, पण नव्या गुणांची साखळीच अनादि असली तर? आजच्या आधी काल, कालच्या आधी परवा, असं मागे कुठवरही जाता आलं तर? हे भोक बुजवायला मदत झाली ती अलेक्झांड्रियाच्या एका ख्रिस्ती विचारवंताची. जॉन फिलोपोनस यांनी 529 मध्ये विश्व अनादि मानणाऱ्यांविरुद्ध लिहिलं होतं. जग अनादि असेल, तर आजचा दिवस उजाडण्याआधी अनंत दिवस सरून जायला हवे होते. आणि अनंत तर कधी सरतच नाही. ग्रीक ग्रंथ अरबीत येत होते त्या काळात हा विचारही आला. नवव्या शतकात खलिफा मुअतसिमला अर्पण केलेल्या ग्रंथात तत्त्वज्ञ अल-किंदी यांनी काळ सान्त, म्हणजे मर्यादित, असल्याचं याच धर्तीवर सिद्ध करायचा प्रयत्न केला.

आणि मग बुखाऱ्याजवळच्या गावी 980 मध्ये जन्मलेल्या तत्त्वज्ञ इब्न सीना यांनी डावच बदलला. त्यांच्या आत्मकथनात एक प्रसंग आहे. ॲरिस्टॉटलचं ‘मेटाफिजिक्स’ चाळीस वेळा वाचून पाठ झालं, तरी कळेना. एकदा बाजारात एका विक्रेत्यानं आधीच्या पिढीतले तत्त्वज्ञ फाराबी यांचं एक छोटं पुस्तक तीन दिरहमना गळ्यात मारलं, आणि ते वाचताच गाठ सुटली. त्याच इब्न सीनांनी पुढे विचारलं की ईश्वरापर्यंत पोचायला जगाची सुरुवात कशाला हवी? जे काही आहे त्याचे दोनच प्रकार संभवतात. एक, ज्याचं असणं त्याच्या स्वरूपातच आहे : वाजिब-उल-वुजूद. दुसरा ‘मुमकिन’, म्हणजे असेल किंवा नसेलही. मुमकिन गोष्ट आहे, तर तिला कारण हवं. अशा साऱ्या गोष्टी एकत्र घ्या, त्या अनंत का असेनात. तो अख्खा समूहही आपल्या पायावर उभा राहत नाही. त्याचं कारण त्याच्या बाहेरच असणार, आणि बाहेर उरतं ते फक्त वाजिब. दिव्यांची रांग कितीही लांबवा, एकातही स्वतःचा उजेड नसेल तर अंधार हटत नाही.

माझ्या मते या साऱ्या परंपरेतला हा सर्वांत देखणा युक्तिवाद आहे. इब्न सीनांनी त्याला ‘सिद्दीकांचा’, म्हणजे सत्यनिष्ठांचा मार्ग म्हटलं, कारण यात सृष्टीकडे बोट दाखवावं लागत नाही. केवळ ‘असणं’ या कल्पनेतून वाट निघते. पण याची किंमत मोठी होती. या ईश्वरापासून जग अनादि काळापासून, अटळपणे प्रकटत राहतं. ‘आता निर्माण करू’ असं ठरवणं त्याच्या वाट्याला येत नाही.

धर्मपंडित गझालींना नेमकं हेच खुपलं. 1091 मध्ये, वयाच्या तिशीत, ते बगदादच्या निझामिया मदरशाचे मुख्य अध्यापक झाले. 1095 मध्ये त्यांनी ‘तहाफुत अल-फलासिफा’ (तत्त्वज्ञांची विसंगती) या ग्रंथात इब्न सीनांसारख्या तत्त्वज्ञांच्या वीस मतांवर हल्ला चढवला. त्यांतली तीन मतं त्यांनी थेट कुफ्र, म्हणजे धर्माबाहेरची, ठरवली, आणि पहिलं होतं जगाच्या अनादित्वाचं. त्यांची उदाहरणं आजही वाचताना हात थांबतो. सूर्याची फेरी एका वर्षात होते, शनीची तीस वर्षांत. जग अनादि असेल तर दोघांच्या फेऱ्या अनंत. मग एकाच्या फेऱ्या दुसऱ्याच्या तीसपट कशा? आणि ती अनंत संख्या सम की विषम?

तत्त्वज्ञांचा उलट प्रश्नही चोख होता. सगळे क्षण सारखेच असताना ईश्वरानं हाच क्षण का निवडला? गझालींनी उत्तरादाखल दोन खजूर पुढे ठेवले. हुबेहूब सारखे, सारख्याच अंतरावर. भुकेल्या माणसाला एकच घेता येणार आहे. तो उपाशी राहील का? तो एक उचलेलच. सारख्या गोष्टींतून एक वेगळी काढणं, यालाच इच्छा म्हणतात. खजुराच्या या दाखल्यात गझालींचा सगळा आग्रह आहे : ईश्वर इच्छा करतो.

त्याच वर्षी त्यांची वाचा बसली, घास गिळवेना, आणि त्यांनी बगदाद सोडलं. त्याआधीच्या संशयाच्या एका काळाविषयी आत्मकथनात ते सांगतात, की त्यातून आपण बाहेर पडलो ते प्रमाणं रचून नव्हे, तर ईश्वरानं हृदयात टाकलेल्या प्रकाशामुळे. तरीही त्यांनी प्रमाणं टाकून दिली नाहीत.

कॉर्डोबाच्या इब्न रुश्द यांनी गझालींना ग्रंथभर उत्तर दिलं. कलामची प्रमाणं विद्वानांना पुरेशी काटेकोर नाहीत आणि सामान्यांना फार किचकट आहेत, अशी त्यांची तक्रार होती. त्यापेक्षा सृष्टी माणसाच्या जगण्याशी किती जुळलेली आहे, ते पाहा, असं ते म्हणाले. दमास्कसच्या इब्न तैमिया यांचं म्हणणं होतं की ईश्वराची ओळख माणसाच्या ‘फितरत’मध्ये, जन्मजात घडणीतच असते, प्रमाणांवाचून तिचं अडत नाही. इराणात मुल्ला सद्रा यांनी सतराव्या शतकात सिद्दीकांचा मार्ग नव्यानं बांधला. युरोप-अमेरिकेत ‘कलाम’ हे नाव पुन्हा चर्चेत आलं, ते 1979 मधल्या अमेरिकी तत्त्वज्ञ विल्यम लेन क्रेग यांच्या पुस्तकामुळे.

आपल्याकडे ही विद्या येण्याचा एक रस्ता दख्खनमधून जातो. शिराझचे फतहुल्लाह शिराझी आधी विजापूरच्या आदिलशाही दरबारात होते, 1583 मध्ये ते अकबराकडे गेले. इराणी तर्कशास्त्राचे आणि तत्त्वज्ञानाचे ग्रंथ हिंदुस्थानच्या अभ्यासक्रमात त्यांनी रुजवले, असं अठराव्या शतकातले लेखक आझाद बिलग्रामी यांनी नोंदवलं आहे. हे बिलग्रामी औरंगाबादेत राहिले आणि खुलताबादेत त्यांची कबर आहे. अठराव्या शतकात लखनौच्या फिरंगी महलमध्ये मुल्ला निझामुद्दीन यांनी घडवलेल्या दर्स-ए-निझामी या मदरशांच्या अभ्यासक्रमात बाराव्या शतकातल्या नसफी यांच्या ‘अकाइद’ (श्रद्धातत्त्वं) या ग्रंथावरचं तफ्ताझानींचं भाष्य शिकवलं जातं. आजही मदरशात ते शिकणारा विद्यार्थी सुरुवातीच्या पानांतच या वाक्याशी येतो : जग, त्याच्या सगळ्या भागांसह, नव्यानं घडलेलं आहे.