होमा-आयआर

उपाशीपोटी घेतलेल्या रक्तातील ग्लुकोज व इन्सुलिन यांवरून इन्सुलिन-प्रतिरोधाचा (शरीर इन्सुलिनला पुरेशी दाद न देण्याचा) अंदाज देणारा निर्देशांक. ऑक्सफर्डच्या डेव्हिड मॅथ्यूज व सहकाऱ्यांनी तो १९८५ मध्ये मांडला. मूळ कल्पना जुनी. हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी १९३६ मध्येच इन्सुलिनला दाद देणारा आणि न देणारा असे मधुमेहाचे दोन प्रकार पाडले होते. पण रक्तातले इन्सुलिन नेमके मोजता येऊ लागले ते यॅलो व बर्सन यांच्या रेडिओइम्युनोॲसेमुळे (किरणोत्सारी खूण व प्रतिपिंडे वापरून केलेल्या मोजणीमुळे), साधारण १९६० च्या सुमारास.

इन्सुलिन (मायक्रोयुनिट प्रति मिलि) गुणिले ग्लुकोज (मिग्रॅ प्रति डेसिलि) भागिले ४०५, हे सूत्र. ग्लुकोज मिलिमोलमध्ये असल्यास भाजक २२.५. निरोगी व्यक्तीचे इन्सुलिन ५ आणि ग्लुकोज ४.५ मिलिमोल धरल्याने हा भाजक आला. अशा व्यक्तीचा निर्देशांक १ भरतो.

खरा घोळ इन्सुलिनच्या एककाचा. अहवाल पिकोमोलमध्ये असेल तर ६ ने भागावे की ६.९४५ ने? इन्सुलिन ७२ पिकोमोल, ग्लुकोज ९९ मिग्रॅ असताना पहिल्या हिशेबाने २.९ येते, दुसऱ्याने २.५. जुन्या लेखनात ६.९४५ आढळतो, आंतरराष्ट्रीय प्रमाणद्रव्याशी जुळणारा ६ अधिक ग्राह्य वाटतो. इन्सुलिन मोजणाऱ्या किटांमध्येही एकवाक्यता नाही. त्यामुळे प्रतिरोध ठरवायला बहुधा वापरली जाणारी २.५ ही सीमा सर्वमान्य म्हणता येत नाही, आणि दोन प्रयोगशाळांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नये.

नमुना ८ ते १२ तासांच्या उपासानंतर घ्यावा. ग्लुकोजसाठी फ्लुओराइडची नळी वापरावी, नाहीतर रक्तपेशी ग्लुकोज खात राहतात व आकडा उतरतो. रक्तपेशी फुटल्या तर त्यांतील विकर (एन्झाइम) इन्सुलिनचे विघटन करते आणि प्रतिरोध झाकला जातो. केसांसाठी घेतलेल्या बायोटिनच्या मोठ्या मात्रेनेही काही किटांवर इन्सुलिन खोटे कमी दिसते. इन्सुलिनची इंजेक्शने चालू असतील तर हा निर्देशांक निरर्थक ठरतो.

प्रमाणभूत कसोटी मानली जाणारी क्लॅम्प पद्धत (डीफ्रॉन्झो, १९७९), म्हणजे शिरेतून इन्सुलिन देत ग्लुकोजची पातळी स्थिर राखायला किती ग्लुकोज लागते ते मोजणे, काही तासांची व खर्चिक आहे. होमा मुख्यतः यकृताचा प्रतिरोध दाखवतो, स्नायूंचा कमी.

पुण्यात चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००२ मध्ये दाखवले की तिथल्या नवजातांच्या नाळेच्या रक्तात लंडनच्या बाळांपेक्षा इन्सुलिन अधिक असते. पाश्चात्त्य सीमा भारतीयांना जशाच्या तशा लावण्याबाबतची शंका त्यामुळे बळावते.

इन्सुलिन मोजण्याची सोय नसेल तिथे ट्रायग्लिसराइड (रक्तातील एक मेद) व ग्लुकोज यांच्या गुणाकारावरचा टीवायजी निर्देशांक वापरतात. त्यातला २ चा भागाकार लॉगरिदम घेण्याआधी केला की नंतर, हे आधी पाहावे: ट्रायग्लिसराइड १५०, ग्लुकोज १०० (दोन्ही मिग्रॅ प्रति डेसिलि) असता पहिल्या रीतीने ८.९ येते, दुसरीने ४.८.