सिंधी आवडते, पण शाळा इंग्रजी हवी

सिंधमधल्या तरुणाला 'सिंधी आवडते का?' असं विचारून काही हाती लागत नाही. आईच्या भाषेबद्दल परक्यासमोर 'नाही' कोण म्हणणार? त्यातून प्रश्नावली इंग्रजीत छापलेली असेल, तर समोरचा आपण शिकलेले आहोत हे दाखवण्यातच गुंततो.

म्हणून भाषाविज्ञानात आडवळणाचा मार्ग आहे, मॅच्ड गाइझ. मानसशास्त्रज्ञ वॉलेस लॅम्बर्ट आणि सहकाऱ्यांनी 1960 मध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये तो फ्रेंच आणि इंग्रजीसाठी वापरला. सिंधमध्ये तो वापरायचा तर दोन्ही भाषा सफाईने बोलणारी एकच व्यक्ती तोच मजकूर दोनदा ध्वनिमुद्रित करते, एकदा सिंधीत, एकदा इंग्रजीत. मध्ये इतरांचे आवाज पेरतात, म्हणजे माणूस एकच आहे हे ओळखू येत नाही. ऐकणारे प्रत्येक आवाजाला गुण देतात: हुशार वाटतो का, शिकलेला वाटतो का, प्रामाणिक, आपल्यातला वाटतो का? मॉन्ट्रियलमध्ये फ्रेंच भाषकांनीही बऱ्याच गुणांत इंग्रजी आवाजालाच झुकतं माप दिलं होतं.

घोळ होतो तो मजकुरात. इंग्रजी बोलण्यासारखी आणि सिंधी बातमीपत्रासारखी झाली, की गुण भाषेला न मिळता शैलीला मिळतात. वेगाचंही तसंच, दोन्ही मुद्रणं जवळपास सारख्याच वेळात संपायला हवीत.

इंग्रजीचं वजन येतं कुठून, हे उघड आहे. सिंधच्या सरकारी शाळांत सिंधी माध्यम आहे, वर्तमानपत्रं आहेत, वाहिन्या आहेत; पण पाकिस्तानची केंद्रीय सेवा परीक्षा इंग्रजीतून द्यावी लागते. पालक हिशेब चोख करतात: घरात सिंधी, फी मात्र इंग्रजी शाळेला. याला भाषाद्वेष म्हणणं मला पटत नाही.

उल्हासनगरची गोष्ट वेगळी. फाळणीनंतर आलेल्यांना ना सिंधी राज्य मिळालं, ना एक लिपी. 1967 मध्ये सिंधी भारतीय राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली, तरी अरबी वळणाची लिपी की देवनागरी हा वाद उरलाच. इथे हिंदी आणि इंग्रजी थेट स्वयंपाकघरात शिरल्या.

झीज कानाला कळते. सिंधीत 'बारु' म्हणजे ओझं आणि 'ॿारु' म्हणजे मूल. 'ब' म्हणताना हवा बाहेर पडते. 'ॿ'साठी ओठ मिटून कंठ खाली ओढावा लागतो, मग ओठ उघडताच हवा किंचित आत जाते. असे आत ओढलेले चार ध्वनी सिंधीत आहेत: ॻ, ॼ, ॾ, ॿ. हिंदी-इंग्रजीत वाढलेल्या जिभेला ते जड जातात आणि मुलाचं ओझं होतं! 1853 मध्ये ठरलेल्या अरबी वळणाच्या 52 अक्षरांच्या लिपीत या चौघांना स्वतंत्र अक्षरं आहेत. मोबाइलवर रोमन अक्षरांत सिंधी लिहिताना मात्र दोन्ही शब्द एकाच 'बी'ने सुरू होतात.