एजंटाचे बिल आणि सात दिवसांची मुदत: लाचविरोधी कलमांची पार्श्वभूमी

परदेशी खरेदीदार सोलापूरच्या टेरी टॉवेल आणि चादर उत्पादकांकडून जो करार लिहून घेतात, त्यात लाचविरोधी कलम आता ठरलेलेच असते. स्वतः लाच देणार नाही, मध्यस्थामार्फत देऊ देणार नाही, मागितल्यास हिशेबाची पुस्तके दाखवू, कलम मोडल्यास ऑर्डर रद्द. अक्कलकोट रोड किंवा चिंचोळीच्या एमआयडीसीतला कारखानदार यावर सही करतो. खरी अडचण न्हावा शेव्याहून कस्टम एजंटाचे बिल आल्यावर उभी राहते.

या कलमांचे मूळ अमेरिकेच्या १९७७ च्या कायद्यात आहे. वॉटरगेट या राजकीय घोटाळ्यानंतरच्या चौकशीत ४०० हून अधिक अमेरिकी कंपन्यांनी संशयास्पद रकमा दिल्याचे कबूल केले होते. कायद्याने दोन गोष्टी केल्या. परदेशी अधिकाऱ्याला लाच देणे गुन्हा ठरवला, आणि शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना हिशेब खरा ठेवण्याचे बंधन घातले. काम लवकर उरकावे म्हणून दिलेल्या चिरीमिरीला मात्र सूट राहिली. सुरुवातीला पैसे कोणाला दिले यावर ती ठरे, म्हणजे कारकुनी कामाचा माणूस कायद्याच्या व्याख्येतच येत नसे. १९८८ च्या दुरुस्तीनंतर पैसे कशासाठी दिले हे महत्त्वाचे झाले. ज्या ठराविक कामात अधिकाऱ्याला निर्णयाचा वाव नाही, तेवढ्यापुरतीच सूट उरली. तीच रक्कम वहीत ‘किरकोळ खर्च’ म्हणून टाकली, तर हिशेबाचे बंधन मोडल्याचा ठपका येतो तो येतोच.

ब्रिटनच्या २०१० च्या कायद्यात (अंमल १ जुलै २०११ पासून) ही सूट नाही. त्यात कंपनीसाठी वेगळा गुन्हा आहे: लाच रोखण्यात अपयश. पुरेशी व्यवस्था होती हे कंपनीनेच सिद्ध करायचे. तिथल्या मार्गदर्शक टिपणानुसार नुसता माल विकणारा पुरवठादार सहसा कंपनीचा ‘संबंधित’, म्हणजे ज्याच्या लाचेसाठी कंपनी जबाबदार धरली जाते असा, ठरत नाही. तिच्या वतीने काम करणारा ठरतो. म्हणजे टॉवेल विकणारा कारखाना त्या कायद्याच्या कक्षेत सहसा येत नाही. तरी कलम सगळ्यांनाच पाठवले जाते, कारण प्रत्येक पुरवठादार तपासण्यापेक्षा एकच मसुदा सर्वांना धाडणे खरेदीदाराला स्वस्त पडते. जोखीम अशी खाली सरकते, आणि ती पेलण्याचा खर्च टॉवेलच्या दरात कुणी धरत नाही.

भारतातला निर्णायक बदल २६ जुलै २०१८ चा. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या जुन्या कलम २४ नुसार, लाचखोर अधिकाऱ्याविरुद्धच्या खटल्यात ‘मी पैसे दिले’ असे सांगणाऱ्यावर त्या जबाबामुळे खटला होत नसे. दुरुस्तीने ते कलम काढले आणि लाच देणे हा कलम ८ खाली स्वतंत्र गुन्हा झाला: सात वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. सक्तीने द्यावी लागली असेल तर सुटका आहे, पण दिल्यापासून सात दिवसांत तपास यंत्रणेला कळवले पाहिजे.

वाद याच सात दिवसांवर आहे. दुरुस्तीचे समर्थक म्हणतात, जुन्या संरक्षणाच्या आडून टेंडर मिळवण्यासाठी पैसे चारणारेही सुटत. हे खरे आहे. पण मुदत कशी चालते ते पाहा. कंटेनर गेटवर अडतो, जहाज सुटायची वेळ झालेली असते, एजंटाचा माणूस रोख देऊन मोकळा होतो. महिनाअखेर बिल सोलापुरात येते. त्यात एजन्सी, कागदपत्रे, टर्मिनल हाताळणी या ओळींना पावत्या असतात आणि शेवटच्या ‘इतर खर्च’ या ओळीला नसते. मुनीम विचारतो तेव्हा सात दिवस कधीच उलटलेले असतात, कारण मुदत पैसे दिल्यापासून मोजली जाते, कळल्यापासून नाही. खरेदीदाराच्या हॉटलाइनवर कळवले तर तेही चालत नाही. कायद्याला पोलीस किंवा तपास यंत्रणाच हवी.

दुसरी अडचण पुराव्याची. तक्रार पैसे देण्याआधी आली, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभाग पंचांसमोर मागणीची पडताळणी करतो, संभाषण ध्वनिमुद्रित करतो, मग पावडर लावलेल्या नोटांचा सापळा लावतो. आधी कळवून सापळ्यात पैसे देणाऱ्याला कलम ८ मध्येच वेगळे संरक्षण आहे. पैसे देऊन पाचव्या दिवशी गेलेल्या माणसाच्या हाती यातले काहीच नसते. मागणी आणि स्वीकृती परिस्थितीजन्य पुराव्यानेही सिद्ध होऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने डिसेंबर २०२२ मध्ये म्हटले, पण तो पुरावा आणायचा कुठून? म्हणून मागणी होताच, एक रुपयाही न देता, लाचलुचपत विभागाच्या १०६४ या क्रमांकावर फोन करणे हाच त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग. मागणीची तारीख, वेळ, पद आणि रक्कम त्याच दिवशी लिहून ठेवावी.

त्याच भारतीय कायद्याचे कलम ९ संस्थेला दंडाला पात्र ठरवते, आणि ‘संस्था’मध्ये भागीदारी पेढीही येते. सोलापुरातल्या कित्येक पेढ्यांना हे ठाऊकच नाही. एजंट आपल्यासाठी काम करतो, म्हणून त्याने दिलेले पैसे आपल्याच खात्यावर येऊ शकतात. सक्तीची सवलत कलम ८ मध्ये लिहिली आहे, ९ मध्ये नाही. ती पेढीला पोहोचते का यावर वकिलांत दोन मते आहेत. बचाव आहे तो पुरेशा व्यवस्थेचा, मात्र ती कशी असावी याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे कायद्यासोबत आली नाहीत. मालकाच्या किंवा अधिकाऱ्याच्या संमतीने लाच दिल्याचे सिद्ध झाले, तर कलम १० खाली त्याला तीन ते सात वर्षे कैद. त्यामुळे एजंटाशी करार लेखी हवा: पावतीशिवाय एकही ओळ मंजूर नाही, रोख उचल बंद, आणि कुठलीही मागणी २४ तासांत फोनवर कळवायची. महिन्याचे एक बिल घेण्याऐवजी दर कंटेनरमागे बिल घेतले, तर सात दिवसांची मुदत हातात राहते.

१० फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेने आपल्या कायद्याखालची नवी प्रकरणे १८० दिवस थांबवली. जूनमध्ये आलेल्या नव्या सूचनांचा भर गुन्हेगारी टोळ्या आणि अमेरिकी कंपन्यांचे नुकसान यांवर आहे. त्यावरून काही पुरवठादारांनी कलम ढिले झाले असा अर्थ काढला. मूळ कायदा जागेवर आहे आणि लाचेच्या गुन्ह्यात खटला भरायला साधारण पाच वर्षांची मुदत आहे, म्हणजे आजचा व्यवहार पुढच्या सरकारच्या काळातही उघडता येतो. शिवाय करारातले कलम खरेदीदाराचे आहे. ते बजावायला त्याला कुठल्याही सरकारची परवानगी लागत नाही.