आप्त, स्वीय की खासगी? सीमाभागातल्या एका खुर्चीची पार्श्वभूमी

कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन बेळगावात भरले की हलग्याजवळच्या सुवर्णसौधातली, म्हणजे इथल्या विधानभवनातली, मंत्र्यांची दालने तेवढ्या दिवसांपुरती जागी होतात. खानापूर, निपाणी, येळ्ळूर, उचगावकडची माणसे कागदांच्या पिशव्या घेऊन येतात. मंत्री स्वतः भेटतील अशी आशा फार थोड्यांना असते. "पीए कोण हाईत, तेवढं सांगा की वो," एवढेच ते विचारतात. ज्या दाराकडे बोट दाखवले जाते, तिथे कन्नड लिपीत पाटी असते : आप्त कार्यदर्शी. कार्यदर्शी म्हणजे सचिव. ज्याला जोडाक्षरे लावून कन्नड वाचता येते, असा मराठी माणूस तिथे थबकतो. आपल्याकडे आप्त म्हणजे सोयरा, घरचा माणूस. साहेबांनी मेहुण्याला बसवले आहे की काय, अशी शंका मी स्वतः पहिल्यांदा ती पाटी वाचली तेव्हा माझ्याही मनात आली होती.

वरिष्ठांच्या दाराशी बसणारा हा माणूस भेटी ठरवतो, टपाल फोडतो, कोणता कागद आज साहेबांसमोर जाईल आणि कोणता उद्यावर जाईल ते ठरवतो. सगळीकडे त्याचे काम हेच. बेळगाव जिल्ह्यात त्यात एक जादा काम मिसळले आहे. समोरचा मराठीत बोलतो आणि फाइल कन्नडमध्ये चालते. मधली जागा याच माणसाने भरायची असते, आणि नेमणुकीच्या आदेशात हे काम कुठे लिहिलेले नसते.

जुना काळ थोडक्यात. शिवकालीन दरबारात राजाचा दिनक्रम, भेटीगाठी, आमंत्रणे यांची नोंद ठेवणारा तो वाकनीस. राज्याभिषेकाच्या सुमारास फारसी पदनामांना संस्कृत रूपे मिळाली, तेव्हा वाकनिसाला ‘मंत्री’ म्हटले गेले आणि पत्रे तपासून दुरुस्त करणाऱ्या सुरनिसाला ‘सचिव’. म्हणजे आज आपण ज्याला खाजगी सचिव म्हणतो त्याचे बरेचसे काम तेव्हाचा ‘मंत्री’ करत होता. पत्रे लिहिणारा चिटणीस वेगळा. मराठी संस्थानांत राजघराण्याच्या घरखर्चाचा आणि मालमत्तेचा कारभार ‘खासगी’ या नावाने वेगळा चाले. आज बेळगाव शहराचाच भाग असलेले शहापूर 1948 पर्यंत सांगली संस्थानात होते, त्यामुळे बेळगावच्या जुन्या घरांत ‘खासगीकडचा माणूस’ हा शब्द अजून आठवणीत आहे.

पेशवाई बुडाल्यावर 1818 मध्ये हा मुलूख कंपनीकडे गेला आणि 1836 मध्ये धारवाडपासून तोडून बेळगावचा स्वतंत्र जिल्हा झाला. मुंबई इलाख्याच्या कलेक्टर कचेरीत चिटणीस हे पद टिकले. तो कलेक्टरच्या हाताखालचा महसुली माणूस, कचेरीचा उजवा हात. वरचा पत्रव्यवहार इंग्रजीत, खालचे दफ्तर कन्नड आणि मराठीत. दोन्ही भाषा येणारा कारकून ही त्या काळी विशेष गोष्ट नव्हती. दोन्ही येत असल्याशिवाय कचेरीत उभेच राहता येत नसे.

यानंतरच्या शंभर वर्षांत या खुर्चीपुरते फारसे बदलले नाही. बदलले ते 1 नोव्हेंबर 1956 रोजी.

त्या दिवशी चंदगड तालुका सोडून बाकी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. भूभागाबरोबर माणसेही गेली. राज्य पुनर्रचना कायद्याच्या 115 व्या कलमाने कर्मचाऱ्यांचे वाटप झाले आणि त्यांच्या सेवाशर्ती केंद्राच्या पूर्वसंमतीशिवाय त्यांचे नुकसान होईल अशा बदलायच्या नाहीत, असे संरक्षणही मिळाले. पगार, श्रेणी, रजा सगळे राखले गेले. लघुलेखनाची भाषा मात्र सेवाशर्तीत धरली गेली नाही. इंग्रजी लघुलेखन येणारे काही वर्षे तरले, कारण वरचा कारभार अजून इंग्रजीत होता. मराठी टंकलेखनावर ज्यांची भिस्त होती त्यांची मशिने कोपऱ्यात गेली. ज्येष्ठता याद्यांचे तंटे पुढे वर्षानुवर्षे कोर्टात रेंगाळले. त्या याद्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. साहेबाच्या दाराशी बसणारा माणूस कोणत्या भाषेत ऐकणार, या प्रश्नाची नोंद मात्र कुणी ठेवली नाही, आणि मला तोच त्या वाटपातला मोठा फरक वाटतो.

आता शब्दाकडे यायला हवे, कारण गोंधळाचे मूळ तिथे आहे.

महाराष्ट्रात 1960 नंतर मराठी राजभाषा म्हणून घडवली गेली, 1962 मध्ये पदनाम कोश निघाला. ‘स्वीय सहायक’, ‘खाजगी सचिव’, ‘विशेष कार्य अधिकारी’ ही भाषा मुंबई-पुण्याच्या कचेऱ्यांत रुळली ती त्या काळात. बेळगाव तोवर बाहेर गेले होते. म्हणून ‘स्वीय सहायक’ हा शब्द आमच्याकडे कोणत्याही कचेरीच्या पाटीवर कधी लागलाच नाही. तो कोल्हापूरच्या वर्तमानपत्रांतून आला, छापील शब्द म्हणून आला. सीमाभागातला मराठी माणूस तो वाचतो, बोलताना ‘पीए’च म्हणतो.

इकडे म्हैसूर राज्याने 1963 मध्ये राजभाषा कायदा केला आणि कन्नड पदनामे स्थिरावत गेली. स्वीय सहायकासाठी ‘आप्त सहायक’, खाजगी सचिवासाठी ‘आप्त कार्यदर्शी’. कन्नडमध्ये आप्त म्हणजे जिवाभावाचा, विश्वासातला. संस्कृतातला जुना अर्थही तोच, ‘आप्तवचन’ म्हणजे भरवशाच्या माणसाचे बोलणे. मराठीत हा अर्थ पोथीपुरता उरला आणि बोलण्यात आप्त म्हणजे नातेवाईक झाला. ‘खासगी’ची कथा याच्या उलट. तो शब्द कन्नडमध्येही आहे, उच्चारही जवळजवळ तोच, पण तिथे तो खासगी शाळा, खासगी बस अशा बिनसरकारी गोष्टींकडे गेला. त्यामुळे ‘खासगी कार्यदर्शी’ म्हटले तर कन्नड कानाला तो सरकारी माणूस वाटत नाही, आणि ‘आप्त कार्यदर्शी’ म्हटले तर मराठी कानाला तो नेमलेला माणूस वाटत नाही.

हे केवळ शब्दांचे कौतुक म्हणून मी सांगत नाही. अनेक वर्षे अशा खुर्चीवर काढलेल्या एका निवृत्त गृहस्थांनी मला त्यांची वही दाखवली. चौकटीची वही, प्रत्येक पानावर मधोमध शाईने ओढलेली उभी रेघ. डावीकडे भेटायला आलेला माणूस मराठीत जे बोलला ते, जवळजवळ त्याच्याच शब्दांत. उजवीकडे साहेबांसमोर गेलेली कन्नड टिप्पणी, दोन ओळींत. जांबोटीकडच्या एका बाईंची नोंद होती : ‘पावसात म्हस व्हावून गेली, तलाठी आला न्हाई.’ समोर कन्नडमध्ये : जनावराची हानी, पंचनामा बाकी, परिहार द्यावा. कन्नडमध्ये परिहार म्हणजे नुकसानभरपाई. आपल्याकडे शंकेचा परिहार होतो, म्हशीचा होत नाही.

त्याच वहीच्या शेवटच्या पानावर त्यांनी सारख्या दिसणाऱ्या पण अर्थाने फिरलेल्या शब्दांची यादी केली होती. अनाहूत, मराठीत न बोलावता आलेला आणि कन्नडमध्ये अनर्थ, मोठा अपघात. अनुमान, मराठीत तर्क आणि कन्नडमध्ये संशय. सर्वांत वर, दोनदा अधोरेखित केलेली होती ‘तक्रार’. मराठीत तक्रार म्हणजे गाऱ्हाणे. कन्नड महसुली भाषेत ‘तकरारु’ म्हणजे घेतलेली हरकत, वाद. गाऱ्हाण्यासाठी कन्नड शब्द ‘दूरु’. उताऱ्यावर नाव चढत नाही म्हणून आलेल्या शेतकऱ्याची ‘तक्रार’ त्याच शब्दाने टिप्पणीत उतरवली की, ते म्हणाले, कागद वादग्रस्त नोंदींच्या ढिगात जाऊन बसतो. त्या शेतकऱ्याचा कुणाशी वाद नसतो, त्याला फक्त कुणी दाद देत नसते. "एक शब्द चुकला तर माणसाचे वर्ष जाते, म्हणून ही रेघ," असे म्हणून त्यांनी वही मिटली. त्यांची मातृभाषा कन्नड होती, हे मुद्दाम नोंदवतो.

1970 नंतरची दोन दशके या खुर्चीच्या दृष्टीने निर्णायक ठरली. 1973 मध्ये राज्याचे नाव कर्नाटक झाले. 1974 च्या नियमांनी सरकारी नोकरांना कन्नड भाषेची परीक्षा लागू केली. 1981 मध्ये स्थानिक संस्थांच्या कारभारासाठीही राजभाषेचा वेगळा कायदा आला. राज्याने आपल्या भाषेत कारभार करावा यात गैर काही नाही, महाराष्ट्रानेही तेच केले. वाद आहे तो सीमाभागात हे कसे राबवले गेले त्याचा. 1986 च्या 1 जूनला कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात गोळीबार झाला, हिंडलग्याला हुतात्म्यांना आजही त्या दिवशी अभिवादन होते. चळवळीने शाळा, पाट्या, परिपत्रके, उतारे यांची भाषा मागितली, आणि ते रास्त होते. वरिष्ठांच्या निजी कार्यालयात मराठी जाणणारा एक तरी लघुलेखक असावा, ही मागणी मात्र निवेदनांच्या शेवटच्या ओळींतही क्वचित दिसते. मला ती पहिल्या ओळीत हवी होती असे वाटते.

कारण कायद्याची बाजू इथेच अडते. घटनेचे 350 वे कलम सांगते की गाऱ्हाण्याचा अर्ज कोणत्याही अधिकाऱ्याकडे संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येतो. मराठी अर्ज बेळगावातच काय, बेंगळुरातही कायदेशीर आहे. अर्ज घेणाऱ्याने उत्तर कोणत्या भाषेत द्यावे, याबद्दल कलम गप्प आहे. 1956 साली ठरलेल्या संरक्षणांत, जिथे भाषिक अल्पसंख्य 15 ते 20 टक्क्यांच्या पुढे आहेत तिथे महत्त्वाच्या सूचना, नियम त्यांच्या भाषेत द्यावेत असे आले. त्यावर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय यंत्रणेचे एक प्रादेशिक कार्यालय बेळगावातच ठेवले गेले. पण सूचना आणि नियम छापील असतात, एकदा भाषांतर केले की झाले. दालनाबाहेरचे बोलणे छापील नसते. ते रोज नवे असते आणि त्याचे भाषांतर करणारा माणूस एकच असतो.

दुसरी बाजूही ऐकलेली आहे. पद राज्याच्या संवर्गातले, बदली राज्यभर, मग एका जिल्ह्यासाठी वेगळी भाषा-अट घातली तर बढतीचे काय? हा प्रश्न खरा आहे. त्यावर उपायही आहे : अट न घालता, या जिल्ह्यातल्या नेमणुकीपुरते मराठीचे ज्ञान हे प्राधान्य धरता येते. तेवढे झालेले नाही.

1987 मध्ये निवडून आलेल्या जिल्हा परिषदा बसल्या आणि अध्यक्षांना राज्यमंत्र्याचा दर्जा मिळाला. तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणीच राजकीय नेत्याचे निजी कार्यालय ही गोष्ट लोकांनी जवळून पाहिली. तोवर पीए म्हणजे बेंगळूर, आणि बेंगळूर म्हणजे रात्रभराचा प्रवास. इथूनच दोन जातींचे पीए एकमेकांशेजारी दिसू लागले : संवर्गातला लघुलेखक, जो साहेब बदलला तरी खात्यात राहतो, आणि नेत्याने आणलेला माणूस, ज्याची मुदत नेत्याच्या पदाबरोबर संपते. सीमाभागात मराठी ऐकून घेण्याचे काम बहुतेक या दुसऱ्या माणसाने केले आहे. त्याला मतदारसंघ सांभाळायचा असतो, म्हणून भाषा येते. पण तो गेला की त्याची वहीही जाते. संवर्गातल्या माणसाकडे फाइल राहते, बोलणे राहत नाही.

2006 मध्ये बेळगावात पहिले अधिवेशन झाले, 2012 च्या ऑक्टोबरात सुवर्णसौधाचे उद्घाटन झाले, 2014 मध्ये शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले. याच काळात टंकलेखन यंत्र जाऊन ‘नुडी’ हे कन्नड सॉफ्टवेअर कचेऱ्यांत बसले, पुढे कागदी फाइलची जागा ई-ऑफिस घेऊ लागले. मराठी शाळेत शिकलेली पण कन्नड कीबोर्ड सफाईने चालवणारी मुले-मुली आता तालुक्याच्या कचेऱ्यांत दिसतात. खानापूरच्या एका मुलीने मला सांगितले की ती कन्नड लघुलेखनाची परीक्षा देते आहे आणि घरी आईला रोज संध्याकाळी मराठी पेपर वाचून दाखवते. तिच्या मागच्या पिढीत मराठी पालक मुलांना त्या परीक्षेला बसवायला राजी नसत. बसणे म्हणजे सीमाप्रश्न सोडून देणे, असे वाटे. ती भावना मी समजू शकतो. तिची किंमत मात्र दालनाबाहेर ताटकळणाऱ्यांनी मोजली.

सीमेचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. दरम्यान मराठी अर्ज येतच आहेत. ई-ऑफिसात असा अर्ज स्कॅन होऊन चित्र म्हणून जोडला जातो आणि वरच्या चौकटीत कन्नडमध्ये एका ओळीचा विषय टाइप होतो. पुढे त्या अर्जाचा शोध घ्यायचा तर त्या एका ओळीवरूनच घ्यावा लागतो. ती ओळ दाराशी बसलेला माणूस लिहितो. ‘तकरारु’ लिहायचे की ‘दूरु’, हे त्याला त्या क्षणी, समोर उभ्या असलेल्या माणसाकडे बघून ठरवायचे असते.