आदोळीचे दात आणि इंग्रजीतली करवत

चवथीच्या आदल्या दिवशी आमच्या फोंड्याच्या घरात आई आदोळीवर नारळ खवत होती आणि बारावीतली भाची माटोळीच्या (गणपतीवर टांगतात त्या फळापानांच्या चौकटीच्या) सामानातून आपल्या वनस्पतिशास्त्राच्या वहीसाठी पानं निवडत होती. मध्येच तिनं विचारलं, "मामा, हे सेरेट की सिरेट?"

दोन्ही. शब्द इंग्रजी, अर्थ करवतीसारख्या दातेरी कडेचा. पानाचं वर्णन करताना जोर पहिल्या अक्षरावर, म्हणून 'सेरेट'. दाते पाडण्याची क्रिया सांगायची असेल तर जोर पुढं सरकतो आणि 'सिरेट' होतं. दातेरी सुरीला जो 'सेरेटेड' शब्द वापरतात, त्यात इंग्रज माणूस 'रे'वर जोर देतो आणि अमेरिकन 'से'वर. भांडण्यासारखं त्यात काही नाही.

मूळ शब्द लॅटिन 'सेरा', म्हणजे करवत. तोच पोर्तुगीजमध्ये 'सेर्रा' झाला. गोव्यातल्या जुन्या पिढीला तो नवा नाही, फक्त त्यातला 'र' घशातून यायला हवा. पोर्तुगीजमध्ये सेर्रा म्हणजे करवत आणि डोंगररांगही. लांबून पाहिलं की शिखरांचे दाते दिसतात, एवढाच त्यामागचा विचार. स्पॅनिश 'सिएरा' तीच. पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनचं नाव पोर्तुगीज खलाशांच्या 'सेर्रा लिओआ'वरून आलं, म्हणजे सिंहिणीची डोंगररांग. 'सेरीड' हा शब्द मात्र फसवा. तो दाटीनं उभ्या राहिलेल्या सैन्याच्या रांगांसाठी वापरतात, आणि दाबणं या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आलेला आहे. करवतीशी त्याचं काही नातं नाही.

आपण मराठीत 'दातेरी' म्हणून मोकळे होतो. वनस्पतिशास्त्रज्ञाला मात्र दात कुठं रोखलेला आहे हे हवं असतं. पानाच्या टोकाकडे झुकलेले दाते असतील तर सेरेट, उदाहरणार्थ जास्वंद. तेच अगदी बारीक असतील तर 'सेर्युलेट'. सरळ बाहेर रोखलेले असतील तर 'डेंटेट'. आपला 'दंत' आणि लॅटिनमधला दात एकाच मुळाचे. आदोळीच्या पुढच्या गोलाचे दात मी याच खात्यात टाकीन. आणि दात नसून गोलसर कंगोरे असतील तर 'क्रीनेट', लॅटिनमधल्या खाचेच्या शब्दावरून. पानफुटीचं पान बघा, त्या खाचांतूनच तिची पिल्लं फुटतात. तांबडी रक्तपेशी खूप खारट द्रावात टाकली की तिच्यातलं पाणी बाहेर निघून ती आक्रसते, कडेला टोकं येतात. डॉक्टर त्यालाही 'क्रीनेशन' म्हणतात.

मला सर्वांत आवडतो तो 'रन्सिनेट'. दाते उलटे, देठाकडे वळलेले, डँडेलियनच्या पानासारखे. (डँडेलियन हे नावही फ्रेंचमधल्या 'सिंहाचा दात'वरून आलेलं.) लॅटिनमध्ये 'रुन्सिना' म्हणजे खरं तर सुताराचा रंधा. नाव ठेवणाऱ्यांनी ती करवत समजून शब्द बनवला. रंध्याला करवत म्हणणाऱ्याला आमच्या गावच्या मेस्तानं कामावर ठेवलं नसतं, पण शास्त्रात तो शब्द टिकला.

ग्रीक करवतीनं आणखी एक घोटाळा केला. 'प्रिऑन' म्हणजे करवत. दक्षिणेकडच्या थंड समुद्रांवर उडणाऱ्या एका पक्ष्याच्या चोचीची कड करवतीसारखी, म्हणून त्याचं नाव 'प्रायन'. 1982 साली स्टॅन्ली प्रुसिनर यांनी मेंदूचे रोग पसरवणाऱ्या प्रथिनाला नाव दिलं, त्याचं इंग्रजी स्पेलिंग हुबेहूब हेच, उच्चार मात्र 'प्रीऑन'. ते नाव 'प्रथिन' आणि 'संसर्गजन्य' या अर्थांचे इंग्रजी शब्द जोडून बनवलेलं आहे, करवत त्यात कुठंच नाही. पुढं 1997 साली प्रुसिनर यांना नोबेल मिळालं.

एव्हाना भाचीची अडचण वेगळीच झाली होती. तिला दातेरी पानंच फारशी मिळेनात. दारावर आंब्याचे टाळे, जेवायला केळीचं पान, परसात फणस, काजू, भिरंड (कोकम), सगळ्यांच्या कडा गुळगुळीत. अशा कडेला इंग्रजीत 'एन्टायर' म्हणतात, म्हणजे अखंड. हा तिच्या नशिबाचा दोष नव्हता, हवामानाचा होता. बेली आणि सिनट या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञांनी 1915 साली दाखवून दिलं, की उष्ण प्रदेशांतल्या झाडांत अखंड कडेच्या पानांचं प्रमाण जास्त असतं आणि थंडीकडे जावं तसे दाते वाढतात. का, याचं एक स्पष्टीकरण असं: थंड प्रदेशात वसंतात कोवळ्या पानाच्या दात्यांतून बाष्पोत्सर्जन आणि प्रकाशसंश्लेषण लवकर जोर धरतं, आणि छोट्या हंगामात तेवढी आघाडी झाडाच्या कामी येते. त्यामुळं खडकात गाडलेल्या कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या पानांच्या कडा मोजून त्या काळच्या तापमानाचा अंदाज बांधता येतो. परसातली झाडं मोजून फोंड्याचा उकाडा सिद्ध करता येईल का, असं भाचीनं विचारलं. लावलेली झाडं त्यात धरत नाहीत, रानातली लागतात, हे ऐकून ती हिरमुसली.

शेवटी वृंदावनातल्या तुळशीचं किंचित दातेरी पान वहीत गेलं, जास्वंदीचं गेलं. मग ती कुठून तरी वेडीवाकडी, कुरतडल्यासारख्या कडेची एक फांदी घेऊन आली. "हे 'इरोस' ना?" शब्द बरोबर होता. ज्या धातूवरून उंदराला 'रोडंट' म्हणतात, त्याच कुरतडण्याच्या धातूवरून आलेला, शेवटी 'स', 'झ' नव्हे. पण इरोस म्हणजे मुळातच तशी वाढलेली कड. मी पान उलटं केलं. खाली हिरवीगार सुरवंट बसली होती, अजून खातच होती.