हजेरी कुठं लिहिली आहे? बडोद्याच्या कडियानाक्यामागची पार्श्वभूमी

बडोद्यातल्या कडियानाक्यावर, म्हणजे रोजंदारीचे मजूर काम मिळण्याची वाट पाहत थांबतात त्या चौकात, सकाळी आठच्या सुमाराला उभं राहिलं, तर गुजरातीइतकीच भिली आणि राठवी या आदिवासी बोली कानावर पडतात. दाहोद आणि छोटा उदेपूरची माणसं असतात, तशीच सीमेपलीकडच्या मध्य प्रदेशातल्या झाबुआ-अलीराजपूरची. स्थलांतरित मजुरांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या आमच्याकडे ती येतात ती बहुधा बुडालेल्या मजुरीपायी. मुकादम हिशेब न करता निघून गेलेला असतो, त्याचा फोन बंद असतो. आम्ही पहिला प्रश्न विचारतो तो एकच: तू तिथं कामाला होतास, हे कुठं लिहिलं आहे?

बाहेरून पाहणाऱ्याला संघटकाचं काम म्हणजे मोर्चे आणि निवेदनं वाटतं. माझ्या मते या कामाचा खरा इतिहास हा हजेरी शोधण्याचा इतिहास आहे.

त्याचं एक टोक ओडिशात आहे. तिथं ‘दादन’ म्हणजे उचल देऊन मजुरांना परराज्यात नेण्याची पद्धत होती. दर महिन्याला हिशेब करू, असं कबूल करून नेलं जाई आणि तो हिशेब होत नसे. ओडिशानं 1975 मध्ये त्याविरुद्ध कायदा केला आणि 1979 मध्ये संसदेनं आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा केला. या कायद्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे पासबुक. फोटो लावलेलं, मजुराच्या हातात राहणारं, दर आणि कामाची मुदत लिहिलेलं. शिवाय मासिक मजुरीच्या निम्मा किंवा 75 रुपये, यातला जो जास्त असेल तो विस्थापन भत्ता, जाण्यायेण्याचा खर्च आणि प्रवासाच्या दिवसांचीही मजुरी. कायदा वाचताना वाटतं, लिहिणाऱ्यांना मजुराचं दुखणं नेमकं कळलं होतं.

पण तो लागू होता फक्त पाच किंवा अधिक परराज्यातले मजूर असतील तिथं, आणि तेही कंत्राटदारानं आणलेल्यांना. आपल्या पायांनी बडोद्यात आलेला अलीराजपूरचा मजूर त्यातून सुटला. दाहोदचा तर मुळातच बाहेर, कारण त्यानं राज्याची सीमा ओलांडलेलीच नाही. एकाच स्लॅबवर दोघं घमेली वाहतात.

1982 मध्ये दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या बांधकामावरून सर्वोच्च न्यायालयात खटला गेला. किमान रोज 9 रुपये 25 पैसे होता, मजूर आणणारे जमादार त्यातला एक रुपया कापून घेत. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत करून घेतलेलं काम ही घटनेच्या 23 व्या अनुच्छेदातली वेठबिगारीच आहे, असं न्यायालयानं ठरवलं. आजही आमचे अर्ज याच निकालाच्या आधारानं उभे राहतात.

बडोद्याच्या परिसराला मात्र सगळ्यात मोठा धडा मिळाला तो गोध्रा आणि बालासिनोरकडच्या कारखान्यांतून. तिथं गारगोटीचा दगड दळून पिठासारखी पूड करतात. अलीराजपूर, झाबुआ, धार भागातले आदिवासी तिथं काही महिने काम करायचे, पोती भरायचे, गावी परतायचे. ती पूड फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो आणि त्यावर औषध नाही. माणसं गावी जाऊन वारली, घरामागून घर. एक्स-रेमध्ये हा रोग क्षयासारखा दिसतो, त्यामुळे कित्येकांच्या कागदावर क्षय लिहिला गेला. कारखाना गुजरातेत, मृत्यू मध्य प्रदेशात, आणि मधल्या हजेरीचा कागद कुठेच नाही.

कार्यकर्त्यांनी गावोगाव, घरोघर जाऊन याद्या केल्या. कोण कुठं गेला होता, किती महिने, बरोबर कोण होतं. एकाची साक्ष दुसऱ्यानं द्यायची. हजेरीवहीत जे लिहायला हवं होतं, ते लोकांच्या आठवणीतून परत लिहून काढलं. त्या याद्यांच्या जोरावर राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं 2010 मध्ये 238 मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये द्यायला गुजरात सरकारला सांगितलं, आणि 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती भरपाई द्यायला लावली. पैसा मिळाला तोवर वर्षं निघून गेली होती. तरीही ज्या माणसाची नोंदच नाही त्याच्यासाठी सरकारला पैसे मोजायला लावता येतात, हे इथं सिद्ध झालं.

नोंदीचा प्रश्न निवाऱ्यालाही येऊन भिडतो. 1917 मध्ये डॉ. आंबेडकर गायकवाड सरकारच्या नोकरीसाठी बडोद्यात आले, तेव्हा त्यांना खोली मिळेना. पारशी सराईच्या वहीत पारशी नाव लिहून ते राहिले, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांना बाहेर काढलं. मुंबईच्या गाडीपर्यंतचे तास त्यांनी कमाटी बागेत काढले. त्यांना नाकारलं गेलं ते जातीमुळे, तो प्रश्न मी आजच्या प्रश्नात मिसळणार नाही. पण खोली दाखवण्याआधी आजही ‘कुठले, कोणत्या समाजाचे?’ हे विचारलं जातं, तेव्हा मला ती वही आठवते. आपण मराठी माणसंही इथं गायकवाडांबरोबर आणि त्यांच्यामागून बाहेरूनच आलो. आपली नावं दप्तरात मानानं चढली, एवढाच फरक.

1996 च्या बांधकाम कामगार कायद्यानं या कामगारांना मदत देणारी कल्याण मंडळं आली. नोंदणीसाठी वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. रोज नवा मालक असलेल्या नाक्यावरच्या मजुरानं तो कोणाकडून आणायचा? 2020 च्या टाळेबंदीत लाखो माणसं चालत निघाली, आणि त्याच सप्टेंबरात केंद्र सरकारनं संसदेत सांगितलं की वाटेत किती मजूर वारले याची आकडेवारी नाही. त्यानंतर 2021 मध्ये असंघटित कामगारांची ई-श्रम नोंदणी सुरू झाली, आणि परराज्यातही रेशन मिळावं यासाठी न्यायालयानं सगळ्या राज्यांना मुदत घालून दिली. अलीराजपूरच्या कुटुंबाला बडोद्यात धान्य मिळू लागणं ही मोठीच गोष्ट आहे.

1979 चा कायदा आता कामाच्या ठिकाणची सुरक्षा आणि आरोग्य यांवरच्या 2020 च्या कामगार संहितेत विरला आहे. ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. स्वतःहून आलेला परराज्यातला मजूर, महिना 18,000 रुपयांपर्यंत कमावणारा, आता व्याख्येत बसतो, हे चांगलं झालं. पण कायदा लागू होण्याची अट पाचावरून दहा मजुरांवर गेली आणि विस्थापन भत्ता गेला. दाहोदचा मजूर अजून बाहेरच आहे.

म्हणून आम्ही नाक्यावर खिशात मावणाऱ्या डायऱ्या वाटतो. तारीख, जागा, मुकादमाचं नाव, ठरलेली रोजी, मिळालेले पैसे. लिहिता येत नसेल तर साइटवरच्या फलकाचा फोटो काढून ठेव, आणि बरोबरच्या एकाचा नंबर घे, असं सांगतो.