पहिल्या घोटाच्या आधीचं कॉर्टिसॉल

दारूचं व्यसन जडलेल्या माणसाचं रक्त तपासलं, तर संप्रेरकांचं गणित बिघडलेलं दिसतं. पण हा बिघाड दारूने केला, की तो आधीपासूनच होता आणि त्यामुळेच माणूस दारूकडे ओढला गेला? नुसत्या रिपोर्टवरून हे कळत नाही.

कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाचंच घ्या. ताण आला की मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला निरोप धाडतो, पिट्युटरी तो मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना पोचवते, आणि तिथून कॉर्टिसॉल रक्तात उतरतं. भरपूर दारू प्यायली की ही साखळी आपोआप हलते. रोजची दारू एकदम बंद झाली, तरीही कॉर्टिसॉल चढतं. उलट, सोडून काही आठवडे झालेल्या माणसात खऱ्या ताणालाही ते पुरेसं वाढत नाही. मग मूळ पातळी कुठली म्हणायची?

इथे जनुकं कामी येतात. ती पहिल्या घोटाच्या कितीतरी आधी ठरलेली असतात. दारूच्या व्यसनाच्या जोखमीत माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला सुमारे ५० टक्के आनुवंशिक आहे, असं जुळ्यांचे आणि दत्तक मुलांचे अभ्यास सांगतात.

ओपीआरएम१ हे जनुक मला फार बोलकं वाटतं. एंडॉर्फिन हे शरीरातच तयार होणारं वेदनाशामक रसायन पेशीवरच्या ज्या ग्राहकाला (रिसेप्टरला) चिकटतं, तो घडवण्याची कृती या जनुकात असते. काहींमध्ये त्याच्या ११८व्या जागी डीएनएतल्या ‘ए’ या अक्षराऐवजी ‘जी’ असतो. एवढ्या एका अक्षराने प्रथिनातलं ४०वं अमिनो आम्ल बदलतं. एंडॉर्फिन हायपोथॅलॅमसवर ब्रेकसारखं काम करतं. नॅलोक्सोन हे ग्राहक अडवणारं औषध देऊन तो ब्रेक काढला, तेव्हा ‘जी’ असलेल्यांचं कॉर्टिसॉल इतरांपेक्षा जास्त चढलं. विशेष म्हणजे हे निरोगी स्वयंसेवकांत दिसलं. म्हणजे हा फरक दारूने केलेला नव्हता.

पण याला ‘व्यसनाचं जनुक’ म्हणणं साफ चूक. हा ‘जी’ कोट्यवधी लोकांत आहे आणि त्यातल्या बहुतेकांना व्यसन नाही. जोखीम अनेक जनुकांच्या बारीकबारीक वाट्यांतून साचते, त्यात ताण आणि परिस्थितीची भर पडते.

नॅल्ट्रेक्सोन हे व्यसनावरचं औषध याच ग्राहकाला अडवतं. साहजिकच ‘जी’ असलेल्यांना ते जास्त लागू पडेल अशी आशा होती, सुरुवातीच्या काही अभ्यासांत तसं दिसलंही. नंतर जनुक आधी तपासून गट पाडले आणि औषध दिलं, तेव्हा हा फरक टिकला नाही. त्यामुळे आजही ते देताना डॉक्टर जनुक तपासत नाहीत.